महाराष्ट्रातील इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार (विद्युत गिटार) हे पोलादी तारांची कंपने चुंबकीय पिकअपद्वारे विद्युत संकेतात बदलून ध्वनिवर्धकामार्फत ऐकवणारे तंतुवाद्य आहे. महाराष्ट्रात हे वाद्य प्रथम मुंबईतील नृत्यगृहे आणि चित्रपटांचे वाद्यवृंद यांत रुळले. १९६०च्या दशकापासून ते रॉक संगीताचे मुख्य वाद्य म्हणून ओळखले जाऊ लागले. वाद्य आणि त्याची साधनसामग्री अमेरिका व युरोपातील कारखान्यांत घडली. येथे मात्र त्याची गाठ कोकणपट्टीच्या पावसाळ्याशी, २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याशी, मांडवातील तात्पुरत्या वायरिंगशी आणि इ.स. २००० नंतरच्या ध्वनिनियमांशी पडली. राज्यातील गिटारवादकांच्या नेहमीच्या अडचणींचे मूळ बहुतांशी या चार गोष्टींत आढळते.

रचना

इलेक्ट्रिक गिटारला साधारणपणे सहा तारा असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्या ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत लावतात. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ८२ हर्ट्झ, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० हर्ट्झ असते. तारा एका टोकाला खुंट्यांना गुंडाळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला घोडीत अडकवलेल्या असतात. मानेवर धातूच्या पट्ट्या (फ्रेट) ठोकलेल्या असून सतारीच्या पडद्यांप्रमाणे त्या सरकवता येत नाहीत. मानेच्या आत ‘ट्रस रॉड’ ही पोलादी सळई असते. तारांच्या ताणामुळे मानेला येणारा बाक तिच्या साहाय्याने कमी-अधिक करता येतो.

पोकळ पेटी नसलेल्या, भरीव लाकडाच्या गिटारींचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९५० च्या सुमारास फेंडर कंपनीने सुरू केले. गिब्सन कंपनीचे ‘लेस पॉल’ हे प्रारूप १९५२ मध्ये आणि फेंडरचे ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ मध्ये बाजारात आले. आजच्या बहुतेक गिटारी या दोन प्रारूपांपैकी एकीच्या वळणावर असतात. फेंडरच्या तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिमी, तर गिब्सनची सुमारे ६२८ मिमी असते. लांबी कमी असल्यास तोच स्वर कमी ताणात मिळतो आणि तार ओढणे सोपे जाते.

इतिहास

पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेले गोमंतकीय वादक एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत येत होते. धोबीतलाव परिसरात त्यांची वस्ती आणि ‘कूड’ नावाची निवासगृहे होती. १८६५ पासून चालत आलेले ‘फुर्ताडोज’ हे वाद्यांचे दुकानही याच परिसरात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जॅझ पथके आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांचा कणा हेच वादक होते. चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटार आधी हवाईयन पद्धतीने, म्हणजे आडवी ठेवून तारेवर लोखंडी कांब फिरवून वाजवली जाई. व्हॅन शिप्ले यांनी गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून मोठी लोकप्रियता मिळवली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीताचे गिटारवादन भूपिंदर सिंग यांचे आहे. पुढे गझलगायक म्हणून ओळखले गेलेले भूपिंदर त्या काळात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील गिटारवादक होते. मराठी घरांमध्ये इलेक्ट्रिक गिटारचा आवाज प्रथम पोहोचला तो असा, रेडिओवरील हिंदी गाण्यांतून. पुण्यातील ‘मेलडी मेकर्स’सारख्या वाद्यवृंदांनी तोच आवाज तालुक्याच्या गावांतील रंगमंचांवर नेला.

१९६०च्या दशकात ब्रिटिश ‘बीट’ संगीताच्या प्रभावाखाली मुंबईत ‘द जेट्स’, ‘द सॅव्हेजेस’ यांसारखे गट स्थापन झाले. इंपीरियल टोबॅको कंपनीच्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी भरवल्या जाणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेने देशभरातील अशा गटांना एकत्र आणले. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतील गटांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. सिगारेटच्या जाहिरातीसाठी झालेले हे ध्वनिमुद्रण आज त्या पिढीच्या वादनाचा एक प्रमुख पुरावा ठरले आहे. लेड झेपेलिन या इंग्लिश गटाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले. त्यांनी येथील वादकांसह आपल्या काही गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये वादनही केले.

नंदू भेंडे हे या पिढीतील ठळक मराठी नाव. नाट्यकर्मी आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र. मुंबईतील रॉक गटांतून गायन करणाऱ्या भेंडे यांनी १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या प्रयोगात जूडासची भूमिका केली. पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकातही ते गायक-अभिनेते होते. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकांना रॉक गायनाचा परिचय या नाटकाने करून दिला, असे म्हणता येते. भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

१९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या गटाने इतरांच्या गाण्यांऐवजी स्वतःची गाणी वाजवण्याचा पायंडा पाडला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) हा त्यांचा पहिला संग्रह. महेश तिनईकर आणि जयेश गांधी हे त्यांचे गिटारवादक, तर उदय बेनेगल गायक होते. १९९३ मध्ये गटाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्यानंतर ‘पेंटाग्राम’, ‘झिरो’ आणि जड धातुनादाच्या म्हणजे मेटल शैलीतील ‘डेमॉनिक रेझरेक्शन’, ‘भयानक मौत’ हे मुंबईचे गट पुढे आले. या सर्वांची गाणी प्रामुख्याने इंग्रजीत होती. मराठी शब्द आणि इलेक्ट्रिक गिटार यांची सांगड घालण्याचा प्रयत्न बऱ्याच उशिरा, २०१०च्या दशकात ‘अभंग रिपोस्ट’ या गटाने संतांच्या अभंगांच्या आधारे केला.

उदारीकरणाआधी वाद्यांच्या आयातीवर जबर कर होता. परदेशी गिटार ही जहाजावरील खलाशी, विमान कर्मचारी किंवा परदेशस्थ नातेवाईक यांच्याकरवी येणारी वस्तू होती. नवशिके कोलकात्यात तयार होणाऱ्या गिवसनसारख्या गिटारींवर हात बसवत. ध्वनिवर्धक म्हणून सभांसाठी बनवलेले अहुजा कंपनीचे यंत्रच वापरले जाई. ही यंत्रे भाषणाचा आवाज स्पष्ट ऐकवण्यासाठी बनवलेली असल्याने गिटारचा आवाज त्यांतून किरटा येई. तुटलेली तार फेकून न देता घोडीपाशी नवी गाठ घालून पुन्हा चढवणे ही त्या काळातील सर्रास चाल होती. १९९१ नंतर आयात सुलभ झाली आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात झूम ५०५ सारखी अनेक परिणाम एकाच पेटीत देणारी स्वस्त उपकरणे महाविद्यालयीन गटांच्या हाती आली. आता मुंबईतील ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ ही संस्था गिटारसाठी पायाने चालवायची उपकरणे तयार करून परदेशांतही विकते.

हवामानाचे परिणाम

गिटारच्या लाकडासाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात ती ८०-९० टक्क्यांवर राहते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वर्षाला २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा ही धरणे याच पट्ट्यात आहेत. शहापूर तालुक्यातील वाशिंदसारख्या भातसा नदीकाठच्या गावात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेथे भिंतीला टेकवून ठेवलेल्या गिटारची अवस्था वेगळी नसते.

ओलाव्याने लाकूड फुगते, मानेचा बाक बदलतो आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. बोटांना जास्त दाब द्यावा लागतो, स्वर किंचित चढा निघतो. याउलट डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत लाकूड आकसते, मान सरळ होते आणि तारा फ्रेटवर आपटून खरखर आवाज येतो. फ्रेटची टोके मानेच्या कडेबाहेर येऊन हाताला टोचणे हेही आकसण्याचेच लक्षण होय. दोन्ही वेळी दोष वाद्याच्या जातीचा नसून ऋतूचा असतो. ‘गिटारच खराब निघाली’ हा नवशिक्याचा निष्कर्ष बहुधा घाईचा ठरतो.

बाक तपासण्याची रीत सोपी आहे. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरल्यास सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.२ ते ०.३ मिमी, म्हणजे जाडसर पत्रिकेच्या कागदाएवढी फट असावी. फट जास्त असल्यास ट्रस रॉडचा नट घट्ट करावा लागतो, नसल्यास सैल. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि नट अडत असल्यास जोर करू नये. सळई तुटली तर मान निकामी होते आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा स्वस्त गिटारच्या किमतीहून अधिक येतो. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवण्याची मोठी परंपरा आहे, २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु फ्रेट घासणे, मान सरळ करणे ही इलेक्ट्रिक गिटारची कामे करणारे कारागीर मुंबई-पुण्याबाहेर विरळाच आढळतात. त्यामुळे लहान गावांतील वादकाला निदान ट्रस रॉड आणि घोडीची जुळवणी स्वतः शिकून घ्यावी लागते.

दमट हवेत तारा काही आठवड्यांतच गंजतात. घामातील क्षार ही क्रिया वाढवतात. वादनानंतर कोरड्या सुती फडक्याने तारा खालूनवरून पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पातळ लेप दिलेल्या तारा जास्त टिकतात पण महाग असतात. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणातून येणारी खरखर आणि वायर हलवल्यावर आवाज जाणे-येणे हे पावसाळ्यातील आणखी दोन नित्याचे दोष. ते बटणाच्या आतील पट्टीवर व जॅकच्या पत्र्यावर चढणाऱ्या थरामुळे उद्भवतात आणि विद्युत संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने बहुधा दूर होतात. गिटार बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे इष्ट. मात्र पुड्या ओल्या झाल्यावर वाळवल्या नाहीत तर त्यांचा उपयोग राहत नाही.

सूर जुळवणी

गिटार दर वेळी बेसूर होत असल्यास खुंट्यांना दोष दिला जातो. प्रत्यक्षात नव्या तारा पुरेशा ताणलेल्या नसणे किंवा मानेच्या टोकाशी असलेल्या ‘नट’च्या खाचेत तार अडकणे ही कारणे अधिक वेळा आढळतात. खाचेत शिसपेन्सिलीचे टोक घासल्यास त्यातील ग्रॅफाइट वंगणाचे काम करते. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने तारा प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. म्हणून वातानुकूलित खोलीत लावलेली गिटार मंचावर गेल्यानंतर पुन्हा लावावी लागते.

मोकळी तार सुरात असूनही वरच्या फ्रेटवरचे स्वर चुकत असतील तर घोडीवरील तारेची लांबी बदलावी लागते. बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला स्वर तेथीलच हलक्या स्पर्शाने काढलेल्या नादापेक्षा चढा असेल तर घोडीचा तुकडा मागे सरकवून तार लांब करतात, उतरता असेल तर पुढे घेतात. हे काम जुन्या, गंजलेल्या तारांवर केल्यास निष्फळ ठरते.

महाराष्ट्रातील गिटारवादकाला आणखी एक जुळवणी करावी लागते, ती पेटीशी. येथील गायक आपली पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा हार्मोनियमच्या भाषेत सांगतात. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी एक म्हणजे सी शार्प. काळी एकमध्ये गाणाऱ्याला साथ करताना पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी स्वरसंगतीचे आकार वाजवणे सोयीचे पडते. पांढरी चारसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे आकार घेता येतात. जुन्या पेट्यांचा सूर ४४० हर्ट्झच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी नेमका जुळेलच असे नसते. पेटी मंचावर बदलता येत नाही, तेव्हा सूरमापकावर विसंबून न राहता गिटारच पेटीला लावून घेणे क्रमप्राप्त होते. भजन, भावगीत यांची साथ करणारे वादक हे सहज करतात. केवळ रॉक वाजवणाऱ्यांना ते बरेचदा मंचावरच उमगते.

वीज आणि अर्थिंग

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. अमेरिकेसाठी बनवलेला १२० व्होल्टचा गिटार ध्वनिवर्धक थेट येथील प्लगला जोडल्यास फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी तार बांधलेली असल्यास आतील ट्रान्सफॉर्मर जळतो. अशा यंत्रासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. इ.स. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते. तेव्हा कार्यक्रम जनरेटरवर चालत आणि दाब वर-खाली झाला की डिजिटल उपकरणे गाण्याच्या मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत.

ध्वनिवर्धकातून येणारी सततची गुणगुण ही ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींची असते. एका वेटोळ्याचा पिकअप ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, दिव्यांचे डिमर यांची चुंबकीय क्षेत्रे तारेच्या कंपनांसोबतच टिपतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये विकसित केलेल्या ‘हमबकर’ पिकअपमध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध गुंडाळलेली आणि विरुद्ध ध्रुवांची असतात. बाहेरून आलेली गुणगुण त्यांत एकमेकींना छेदते, तारेचा संकेत मात्र बेरजेने वाढतो. मांडवात एकाच फळीवरून माळा, पंखे आणि वाद्ये चालत असतील तेथे हमबकर असलेली गिटार उपयुक्त ठरते.

गुणगुणीचे दुसरे कारण म्हणजे दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थ झालेली असणे. हे घालवण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थची पिन काढून टाकण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. गुणगुण थांबतेही, पण हा उपाय जीवघेणा आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घोडीमार्फत ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात बिघाडामुळे वीज उतरली आणि ती वाहून नेणारी अर्थची तार नसली, तर गिटारच्या तारांमध्ये २३० व्होल्टचा दाब येतो. वादकाला तोपर्यंत काहीच जाणवत नाही. गाण्यासाठी त्याचे ओठ अर्थ असलेल्या माइकच्या जाळीला लागले की प्रवाह हातातून छातीमार्गे ओठांकडे वाहतो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश गटाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे मंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. हातात गिटार असताना त्यांनी माइकला स्पर्श केला होता. पावसाळी हवेत, गणेशोत्सवाच्या ओल्या मंडपात, चिखलावर टाकलेल्या फळ्यांवर उभे राहून वाजवताना शरीराचा विद्युतरोध कमी झालेला असतो आणि धोका वाढतो.

खबरदारीचे उपाय साधे आहेत. मंचावरील सर्व वाद्यांना आणि ध्वनियंत्रणेला एकाच जागेवरून, अर्थ असलेला पुरवठा घ्यावा; त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच बसवावे. जनरेटर असल्यास त्याचा स्वतंत्र अर्थखांब जमिनीत पुरला आहे का ते पाहावे. गाण्यापूर्वी गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यातील दाब मल्टिमीटरने मोजावा. तो शून्याच्या आसपास असला पाहिजे. अर्थ न तोडता गुणगुण घालवायची असेल तर संकेताच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर असलेली डीआय पेटी वापरतात. माइकवर फोमची टोपी चढवल्याने ओठांचा थेट स्पर्श टळतो, पण ती अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

बेंजो

ठाणे, रायगड आणि मुंबईच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री व गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ हा इलेक्ट्रिक गिटारचा जवळचा नातलग आहे. अमेरिकी बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा उगम १९१०च्या दशकात जपानमध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. डाव्या हाताने टंकयंत्रासारख्या कळा दाबून आणि उजव्या हातातील पट्टीने तारा छेडून ते वाजवतात. तारांखाली पिकअप बसवून ते ध्वनिवर्धकाला जोडले की त्याला इलेक्ट्रिक गिटारसारखाच धारदार आवाज येतो. गिटारवरील विकृतिकरणाची, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी उपकरणेही त्याला लावली जातात. कळ दाबल्यावर स्वर ठरावीकच येत असल्याने तार ओढून मींड घेणे मात्र त्यात जमत नाही.

बेंजो पार्टीत ताशा, ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड यांची साथ असते आणि सारा सरंजाम जनरेटरसह टेम्पोवर चालतो. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट या वादकांवर आधारित होता. ग्रामीण ठाण्यात ज्याला खऱ्या अर्थाने विजेवर वाजणाऱ्या तंतुवाद्याचे थेट संगीत म्हणता येईल ते हेच. रॉकविषयक लेखनात त्याची दखल घेतली जात नाही, ही त्या लेखनाची उणीव मानावी लागेल.

कार्यक्रमांच्या जागा आणि ध्वनिनियम

धोबीतलाव येथील रंगभवन हे राज्य शासनाचे खुले नाट्यगृह दोन दशकांहून अधिक काळ मुंबईतील थेट संगीताचे केंद्र होते. १९७८ पासूनची ‘जॅझ यात्रा’ येथे भरत असे. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा महोत्सवही रंगभवनाशी जोडला गेला. भर पावसाळ्यात, उघड्या आकाशाखाली, नवख्या गटांना हजारो श्रोत्यांसमोर वाजवण्याची संधी देणारी अशी दुसरी जागा शहरात नव्हती.

केंद्र शासनाचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम फेब्रुवारी २००० मध्ये लागू झाले. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई असून रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचे १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ आणि ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५ आहे. वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालाने या नियमांना बळकटी दिली. रंगभवनाच्या एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि दुसऱ्या बाजूला कामा रुग्णालय असल्याने ते शांतता क्षेत्रात गेले व तेथील संगीताचे कार्यक्रम थांबले.

रुग्णालयाशेजारी शांतता असावी यात वाद नाही. अडचण अशी झाली की रंगभवनाला तेवढ्याच भाड्यात मिळणारा पर्याय उभा राहिला नाही. एका ढोलसंचाचा आवाजच १०० डेसिबलच्या पुढे जातो. तेव्हा व्यापारी भागातील ६५ डेसिबलच्या मर्यादेत खुला रॉक कार्यक्रम करणे प्रत्यक्षात शक्य होत नाही. मोठ्या आयोजकांनी विस्तीर्ण मैदाने गाठली. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये, तर आयर्न मेडन १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात वाजले. पुण्यात २०१० पासून ‘एनएच७ वीकेंडर’, मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ‘महिंद्रा ब्लूज’ आणि जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा इंडिया’ असे महोत्सव सुरू झाले. इंडिपेंडन्स रॉकही खंडानंतर २०२२ मध्ये पुन्हा भरला. स्थानिक गटांना बंदिस्त क्लबांचा आधार राहिला. लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ हा त्यांतील नावाजलेला क्लब २००७ ते २०१६ या काळात चालला.

क्लबमधील कार्यक्रम दहानंतर रंगतात आणि तेथील प्रवेशशुल्क व खाद्यपेयांचे दर विद्यार्थ्याला सहज परवडणारे नसतात. वाशिंद मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ८० किमीवर, कसारा मार्गावर आहे. लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ असल्याने तेथील श्रोत्याला शेवटची कसारा लोकल पाहून कार्यक्रम अर्धवट सोडावा लागतो, आणि वादक असेल तर गिटारही सांभाळावी लागते. गर्दीच्या डब्यात कापडी पिशवीतील गिटारचे शीर्ष आपटून मानेशी तडकते. मागे कललेल्या शीर्षाच्या, म्हणजे गिब्सन धाटणीच्या गिटारींत हा धोका अधिक. कडक पेटी वापरणे किंवा निदान शीर्षाखाली जाड फोम ठेवणे आणि तारा अर्ध्या स्वराने सैल करणे हे उपाय करतात.

श्रवणहानी आणि सराव

अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानला जातो. दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. तासावर भाड्याने मिळणाऱ्या लहान सराव-खोलीत ढोलसंच, दोन गिटारी आणि गायन एकत्र वाजू लागले की ही मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच ओलांडली जाते. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही श्रवणपेशींना इजा झाल्याची खूण असते. या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. कानात घालायचे बुच गायकाचा आणि गिटारचा आवाज बदलतात म्हणून वादक ते टाळतात, परंतु सर्व स्वरांची पातळी सारख्या प्रमाणात उतरवणारे, वादकांसाठीचे बुचही मिळतात. खोलीत ध्वनिवर्धक जमिनीवर ठेवून गुडघ्यांवर आवाज सोडण्यापेक्षा तो खुर्चीवर ठेवून कानाच्या दिशेने कलता केल्यास वादकाला स्वतःचे वादन कमी आवाजातही ऐकू येते. ढोलवादकाने आवाज चढवला की गिटारवादकाने चढवायचा, ही चढाओढ त्यामुळे बऱ्याच अंशी थांबते.

चाळीत किंवा एका भिंतीच्या घरात सराव करणाऱ्यांसाठी ध्वनिवर्धकाच्या आवाजाची संगणकीय नक्कल करणारी उपकरणे उपयोगी पडली. लाइन ६ कंपनीच्या ‘पॉड’ने १९९८ मध्ये हा प्रकार रूढ केला, आज तेच काम मोबाइलला जोडायची तळहाताएवढी पेटी आणि हेडफोन करतात. शेजाऱ्यांना केवळ तारांची टिकटिक ऐकू येते. मात्र नेहमी हेडफोनवर वाजवणाऱ्याला मंचावर गेल्यावर ‘फीडबॅक’ अनोळखी असतो. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने तार पुन्हा कंप पावते, तो कंप पुन्हा वर्धित होतो आणि शिटीसारखा नाद घुमत राहतो. ध्वनिवर्धकापासूनचे अंतर आणि उभे राहण्याचा कोन बदलून हा नाद थांबवता किंवा हवा तसा धरून ठेवता येतो.

गिटारच्या मानेवरील पट्टीसाठी जगभर वापरले जाणारे शिसवाचे लाकूड (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) भारतातील पानझडी जंगलांतले असून सह्याद्रीतही हा वृक्ष आढळतो. वन्यजीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशातील सर्व जातींचा समावेश झाल्याने शिसवाची पट्टी असलेल्या गिटारी देशाबाहेर पाठवताना परवान्याची अट आली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून या अटीतून सूट देण्यात आली. लाकडाच्या व्यापाराला ती लागू नाही.